डिकीतलं खत

आमच्या मोटारीच्या डिकीला पडलेली भोकं माझ्यामुळं पडली होती. एवढं एक वाक्य मी आबांसमोर वेळेवर बोललो असतो, तर पुढचं काही लिहायची गरजच उरली नसती.

आबा म्हणजे माझे वडील. लष्करात त्यांनी बावीस वर्षं ट्रक चालवला. पेन्शन घेऊन गावी आले ते एक हिरवी ट्रंक, एक घोंगडी आणि बोटं गमावलेला डावा पाय घेऊन. आमचं गाव उंब्रजपासून दोन कोस आत, कृष्णेच्या काठाला. गावात बैलगाड्या होत्या, सायकली होत्या, एकाची फटफटी होती. आबा आल्यावर वर्षाच्या आत गावात पहिली मोटार आली आणि ती आमच्या दारात उभी राहिली. जुनी, काळी, पुढून दोन डोळे वटारलेली. ती आबांना सांगलीच्या काकांनी दिली होती.

सांगलीचे काका आमच्या नात्यातले नव्हेत. लष्करातले आबांचे जोडीदार. बर्फात एका घाटात आबांचा पाय गारठून काळानिळा पडला, तेव्हा काकांनी आबांना आपल्या ट्रकमध्ये घालून खाली आणलं, आणि मग तोच चढ पायी चढून जाऊन आबांचा ट्रकही खाली आणून लावला. गाडी वाऱ्यावर सोडून आला, असा ठपका जोडीदारावर यायला नको म्हणून. ही गोष्ट आबा वर्षातून एकदा तरी सांगायचे आणि प्रत्येक वेळी तो चढ थोडा लांब व्हायचा. दिवाळीला आमच्याकडून गुळाची ढेप सांगलीला जायची, तिकडून वर्षाची हळद यायची. काकांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्यांनी मोटार विकायची ठरवली, ती दुसऱ्या कुणाला दाखवलीसुद्धा नाही. आबांना म्हणाले, "डोळं झाकून ने गड्या. पत्रा एक नंबर हाय."

आबांनी खरोखरच डोळे झाकून आणली. घरी आल्यावर मात्र त्यांनी जे नियम काढले, ते देवळालाही नसतील. चपला हातात घेऊन गाडीत बसायचं. आत खायचं नाही. कोंबडी, भाजी, वैरण यातलं काही न्यायचं नाही. गाडीत बसण्याचा मान तिघांनाच. आजारी माणूस, अडलेली बाळंतीण आणि पहिल्यांदा सासरी निघालेली पोरगी. मिरजेच्या दवाखान्यात आबांनी किती जणांना पोचवलं याची गणती नाही. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलेला, पण उंब्रजच्या बाजाराला मी सायकलवरच जायचो.

बहात्तरच्या दुष्काळातून ऊस कसाबसा वाचला आणि पुढं खताची टंचाई आली. सोसायटीच्या गोडाऊनला खत आलं अशी कुणकुण लागायची आणि बैलगाडी जुंपून मी तिथं पोचेपर्यंत गोडाऊन झाडून झालेलं असायचं. दोनदा रिकाम्या गाडीनं परत आलो. ऊस पिवळा पडत चालला होता. तिसऱ्यांदा कुणकुण लागली तेव्हा आबा मेढ्याला आत्याकडं गेले होते. आत्याकडं गेले की चार दिवस यायचे नाहीत. किल्ली देवघराच्या खुंटीला होती. मी आईला सांगून किल्ली घेतली. आई म्हणाली, "आवो, त्यास्नी कळलं म्हंजी?" आई मला रागवायची असली की अहो-जाहो करायची. मी म्हटलं, "कोण सांगणार हाय?"

दोन पोती डिकीत, दोन मागच्या सीटच्या पायाशी. हमालांच्या आकड्यांनी पोत्यांना आधीच भोकं पडलेली. घरी येईपर्यंत डिकीत पांढरी रांगोळी सांडली होती. मी ती खराट्यानं झाडली आणि वर चार बादल्या पाणी ओतून डिकी स्वच्छ धुतली. धुतलं म्हणजे गेलं, असं मला वाटलं. पाणी रबराच्या चटईखाली, गोणपाटाच्या अस्तरात, पत्र्याच्या सांध्यांत खत घेऊन मुरलं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेतात खत घालून पाणी देणारा माणूस मी. ते पाण्याबरोबर कुठं कुठं पोचतं, हे मला सांगायला नको होतं. आबा परत आल्यावर गाडी धुतलेली बघून त्यांनी माझी पाठ थोपटली.

असं मी तीन वर्षं केलं, आणि तिन्ही वर्षं गाडी नंतर धुतली.

चौथ्या उन्हाळ्यात आबा एका बाळंतिणीला मिरजेला घेऊन गेले. वाटेत गाडीत इतका धुरळा यायला लागला की ती बिचारी कळा सोसायच्या ऐवजी खोकत बसली. पोचली, नीट बाळंत झाली, पण आबांच्या जिवाला लागलं. घरी आल्यावर त्यांनी डिकी उघडली, स्टेपनी उचलली, चटई ओढली. खाली आमची तांबडी कोंबडी दाणे टिपत होती. ती डिकीतून दिसली. आबा बराच वेळ त्या कोंबडीकडं बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी साताऱ्याला नेली. एसटी स्टँडच्या मागं एका लिंबाच्या झाडाखाली एक मिस्त्री पत्र्याचं काम करायचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कल्हईचं काम, मोटारी आल्यावर ते मोटारींकडं वळले. पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. त्यांनी अस्तर काढलं आणि लहान हातोडीनं पत्रा ठोकत ठोकत पुढं सरकले. चांगल्या पत्र्यावर हातोडी खणखणत होती, कुजलेल्यावर नुसती बद वाजत होती. एका ठिकाणी त्यांनी ठोकलंच नाही, टोचा टेकवला आणि तो आरपार गेला. सांध्याच्या कोपऱ्यात पांढरी पूड धरली होती. मिस्त्रींनी ती बोटावर घेतली, जिभेला लावली आणि थुंकले.

"खारट हाय," ते म्हणाले.

आबांनी त्या पांढऱ्या पुडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रत्नागिरी."

काकांची मुलगी रत्नागिरीला दिलेली होती. वर्षातून दोनदा काका मोटार घेऊन तिच्याकडं जायचे. आबांच्या मनात सगळं जुळलं. "पोरीकडनं येताना मीठ, मासळी, काय काय भरून आनलं आसंल ह्याच्यात. दर्यानं खाल्लेली गाडी. आनि मला म्हनतो, पत्रा एक नंबर."

माझ्या तोंडापर्यंत शब्द आला होता. मिस्त्री चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. मी खाली वाकलो, स्टेपनी उचलली आणि उगाच लिंबाच्या बुंध्याला नेऊन टेकवली. परत आलो तोवर आबांनी सांगलीला जायचं ठरवलं होतं. मला गाडीपाशी ठेवून ते एसटीत बसले. एसटी स्टँडमधून वळून बाहेर पडेपर्यंत मला वेळ होता. मी हात केला तो नुसता निरोपाचा.

काम आठ दिवस चाललं. मालकाच्या घरचा माणूस हाताखाली थांबायचा, असा मिस्त्रींचा शिरस्ता. ते म्हणायचे, सडकं किती हाय ते कापल्याबिगर कळत न्हाई. छिन्नीनं कापत गेले तशी वाटीएवढी भोकं ताटाएवढी झाली. चांगला पत्रा लागेपर्यंत ते थांबत नव्हते. मग एका तेलाच्या पिंपाचा पत्रा सपाट करून त्यातून ठिगळं कापली. गॅसच्या ज्योतीनं ती कडेकडेनं सांधली. मी गाडीखाली उताणा झोपून लोखंडाचा ठोकळा खालून दाबून धरायचो आणि ते वरून ठोकायचे. ठिणग्या माझ्या हातावर पडायच्या. त्यांचे डाग अजून आहेत, आणि मी ते कुणाला कौतुकानं दाखवत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मिस्त्री माझ्याकडं न बघता म्हणाले, "दर्या गाडीला भायरनं खातो. हे आतनं खाल्लंय. ऊसवाल्यांच्या जीपा येतात माझ्याकडं, तितं हेच निघतं."

मी लोखंडाचा ठोकळा उचलून उगाच पुसत बसलो.

"मी धंदेवाला मानूस. बाप-लेकात पडत न्हाई. पर तुमी सांगा. म्हातारं लय रागात गेलंय."

मी म्हटलं, "सांगतो." हा शब्द मी पुढं इतक्या वेळा वापरला की त्याचा मला वीट आला. मिस्त्रींनी ठिगळांवर लांबीचा लगदा भरला, तो वाळल्यावर पाणी लावून लावून काचकागदानं घासली, मग शेंदरी रंग, मग काळा, आणि खालून डांबराचा हात. काम असं झालं की ठिगळ कुठं आहे ते बोटाला कळायचं, डोळ्याला नाही.

सांगलीत काय झालं ते आबांनी मला चार शब्दांत सांगितलं. "तोंडावर बोलून आलो त्याला." बाकीचं मला नंतर काकूंकडून समजलं. काका ओसरीवर बसले होते. आबांना बघून ते उठून उभे राहिले, काकूंना चहा टाकायला सांगितला. आबांनी उभ्या उभ्याच विषय काढला. काका म्हणाले, "माझ्याकडनं गेली तवा पत्रा साबूत हुता. जोतिबाची आण." आबा म्हणाले, "आण घिऊ नगंस. खोट्याच्या तोंडात देवाचं नाव शोभत न्हाई." शेजारीपाजारी दारात आले होते. काकूंनी चहा आणून ठेवला तो तसाच ठेवून आबा निघून आले. त्या दोघांच्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत एकानं दुसऱ्याच्या घरचा चहा टाकलेला नव्हता. काका एसटी स्टँडपर्यंत मागोमाग आले म्हणे, दहा पावलं अंतर ठेवून. आबांनी मागं वळून बघितलं नाही.

त्या दिवाळीला सांगलीहून हळद आली. आबांनी आलेल्या माणसाच्या हातून ती परत पाठवली. पुढच्या दिवाळीला आली नाही. आई बाजारातून हळद आणायला लागली आणि दर वेळी म्हणायची, "हिला रंगच न्हाई."

वर्षभरानं आबांचा पाय दुखायला लागला आणि मिरजेच्या खेपा माझ्याकडं आल्या. अशाच एका खेपेला पेशंटला सोडून मी परत निघालो आणि गाडी सांगलीत काकांच्या घराकडं वळवली. आज सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. काका पायरीवर बसून शेंगा फोडत होते. मी अगदी जवळ जाईपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखल्यावर त्यांनी आधी माझ्या मागं बघितलं, आणखी कुणी आलंय का ते.

"एकटाच व्हय?" ते म्हणाले. "ये, बस. काम कसं केलंय मिस्त्रीनं, बघू दे तरी."

डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून ते डिकीत वाकून बोटांनी बघत होते. ठिगळाच्या कडेवरून, सांध्यावरून, पार कोपऱ्यापर्यंत त्यांचा हात गेला. तिथं, मिस्त्रींनी जुना पत्रा ठेवला होता त्या खाचेत, काहीतरी त्यांच्या नखाला लागलं. ओढून काढलं तर दोऱ्याचा तुकडा. खताच्या पोत्याचं तोंड शिवतात तो जाड दोरा, एका बाजूला पांढरा खडा घट्ट चिकटलेला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. काकाही शेतकऱ्याच्याच घरातले, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

"किती वर्सं वाहिलंस?"

"तीन."

"धुत हुतास?"

"व्हय."

"पान्यानं?"

"व्हय, काका."

ते हसले. मला वाटलं होतं ते मारतील, किंवा निदान शिव्या देतील. ते हसले आणि मग त्यांना हसू आवरेना झालं, आणि शेवटी त्यांनी टोपीनं डोळे पुसले. डोळ्यांत हसण्याचं पाणी होतं की दुसरं कसलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"त्याला ठावं हाय?"

"न्हाई."

त्यांनी डिकीच्या कडेला हात टेकले. मग म्हणाले, "मी सांगनार न्हाई. मी सांगितलं तर तू त्याच्या मनातनं उतरशील आनि मला बरं वाटंल, आसं व्हायला नगं. पोरानंच बापाला सांगावं. पर सांग बाबा. लय दिस लावू नगंस."

काकूंनी चहा दिला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. निघताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर दोन वर्षं गेली. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. ऊसतोड आली, बायकोचं बाळंतपण आलं, आबांना रक्तदाब निघाला, डॉक्टर म्हणाले यांना त्रास होईल असं काही बोलू नका. डॉक्टरांच्या त्या वाक्याचा मला जो आधार वाटला, त्याची आज शरम वाटते. खरं कारण एकच होतं. गाडी धुतली म्हणून माझी पाठ थोपटणाऱ्या माणसाच्या नजरेतून मला उतरायचं नव्हतं. दोन म्हाताऱ्यांना वेळ आहे, असं मी धरून चाललो होतो.

थंडीच्या दिवसांत एक कार्ड आलं. कोपरा फाडलेला. काका गेल्याचं त्यांच्या मुलानं कळवलं होतं आणि दहावा सांगलीला कृष्णेच्या घाटावर कोणत्या दिवशी आहे ते लिहिलं होतं. आबांनी कार्ड अंगणात उभ्या उभ्या वाचलं, वाचून बारीक तुकडे केले. तसलं कार्ड घरात नेत नाहीत. मग म्हणाले, "तू जा. आपल्या घरचं कुनीतरी पायजे. मी येत न्हाई."

मी तिथंच, अंगणात, सगळं सांगितलं. गोडाऊन, पोती, चार बादल्या पाणी, एसटी वळेपर्यंतचा वेळ. आबा ऐकत होते. त्यांनी हात उगारला असता तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

"किती पोती?" त्यांनी विचारलं.

"वर्साला चार. एकदा पाच."

ते मनाशी काहीतरी मोजत राहिले. मग त्यांनी मला नको असलेला प्रश्न विचारला. "त्याला कळलं हुतं?"

"व्हय. दोन वर्सं झाली."

"आनि गप बसला?"

"व्हय."

आबा खाली बसले. चांगला पाय दुमडून, दुखरा पुढं पसरून, थेट मातीत. आई आतून धावत आली, तिला वाटलं काका गेल्याचं दुःख. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले, पण माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत.

दहाव्याच्या दिवशी पहाटे ते कपडे करून गाडीपाशी उभे होते. वाटेत एक अक्षर बोलले नाहीत, पण ओठ हलत होते. कराड मागं पडलं, तरी हलत होते. घाटाच्या पायऱ्या उतरताना मला कळलं की ते काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करतायत. पिंडाला कावळा शिवेना की माणसं पुढं होऊन मेलेल्याला शब्द देतात, पोरांना सांभाळू, राहिलेलं पुरं करू, म्हणून. आबांना ठाऊक होतं की काकांचा जीव कशात अडकला असणार. कावळा खोळंबेल, सगळे थकतील, मग आपण पुढं व्हायचं आणि चार माणसांत, जशी चार माणसांत त्याची अब्रू घेतली तशी, सांगायचं की तू खरा होतास. त्यासाठी ते आले होते.

पिंड मांडले. भटजींनी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. माणसं अजून मागं सरतच होती, तेवढ्यात पिंपळावरून एक कावळा उतरला, सरळ आला आणि भाताला चोच लावली.

"शिवला!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांना बरं वाटलं. एक म्हातारा म्हणाला, "भाग्याचा मानूस. कशात म्हनून जीव ठिवला न्हाई." माणसं पाण्याकडं वळली. काकांच्या मुलानं वाकून आबांच्या पायाला हात लावला आणि तोही अंघोळीला गेला.

आबा हात जोडून पुढं आले होते, ते तसेच उभे राहिले. दुसरे दोन कावळे येऊन पिंडावर बसले. आबांनी ओठ उघडले आणि मिटले.

"माझ्यासाठी थांबला बी न्हाई," ते म्हणाले.

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. ते नदीकडं बघत म्हणाले, "माझ्या येळंला न्हाई शिवायचा. तू उगं लोकांस्नी उन्हात बशिवू नगंस."

आबा त्यानंतर दीड वर्षानं गेले. दहाव्याला आमच्या गावच्या घाटावर सगळं गाव आलं होतं, मिरजेला नेऊन आणलेली माणसं, त्यांची पोरं. कावळे बाभळीवर बसलेले होते, पण एक खाली येईना. चुलते म्हणाले, आईला सांभाळतो म्हण. मी म्हटलं. जमीन राखतो म्हण. म्हटलं. आत्या म्हणाली, गाडी विकणार नाही म्हण. तेही म्हटलं. उन्हं डोक्यावर आली तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. आबांचं काय राहिलं होतं ते मला माहीत होतं, पण त्यातलं काहीही पुरं करणं माझ्या हातात नव्हतं. शेवटी मी भटजींना खूण केली, आणि त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.